आधी बेरीज, मग आकृती

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. चाचणीचे पेपर तपासून झाले आहेत. कार्बन डायऑक्साइडची इलेक्ट्रॉन ठिपका संरचना विचारली होती. निम्म्या वर्गाने मधे कार्बन काढला, दोन्हीकडे एकेक ऑक्सिजन आणि मधे ठिपक्यांची एकेकच जोडी. मग सगळ्यांची अष्टकं भरायची म्हणून प्रत्येक ऑक्सिजनभोवती आणखी सहा-सहा ठिपके आणि कार्बनभोवती आणखी चार. आता मोजा. कार्बनचे संयुजा इलेक्ट्रॉन चार, दोन ऑक्सिजनचे मिळून बारा, एकूण सोळा. तुमच्या कागदावर वीस आहेत! वरचे चार कुठून आणलेत?

ही चूक रसायनशास्त्राची नाही, बेरजेची आहे. गाइडमधली आकृती डोळ्यांनी पाठ केलीत आणि परीक्षेत ती अर्धीच आठवली. मोजली असतीत, तर दुहेरी बंधाशिवाय हिशेब जुळत नाही हे तुमचं तुम्हालाच कळलं असतं. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली ही ठिपक्यांची पद्धत मांडली ती मोजण्यासाठी, वही सजवण्यासाठी नाही.

अमोनियाचं तर मला खरंच वाईट वाटलं. नायट्रोजनचे पाच, हायड्रोजनचे तीन, एकूण आठ. तीन बंधांत सहा गेले. उरलेले दोन कुठे आहेत? बहुतेकांनी काढलेच नाहीत. अरे, त्या एकाकी जोडीवर तर अमोनियाचं सगळं वागणं अवलंबून आहे! त्याच जोडीने तो पाण्यातला हायड्रोजन आयन धरतो, अमोनिअम होतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. परवा प्रयोगशाळेत ओला लाल लिटमस निळा झालेला सगळ्यांनी बघितलात. ते दोन ठिपके गाळलेत, तर तो का निळा झाला हे सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही.

नायट्रोजनच्या रेणूतही हेच. पाच आणि पाच दहा, मधे तीन जोड्या, दोन्हीकडे एकेक एकाकी. तो तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. म्हणून हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही. अलिबागजवळ थळला युरियासाठी अमोनिया बनवतात, त्यासाठी लोहाचं उत्प्रेरक, चारशे अंशांच्या वरचं तापमान आणि प्रचंड दाब लागतो. तुमच्यातल्या काहींनी तिथे एकेरी बंध काढून ठेवला आहे.

सोडिअम क्लोराइडमध्ये जोडी सामायिक दाखवणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत मला भेटा. तो आयनिक बंध आहे, हे आठवीत शिकवलं होतं.

उद्या पहिल्या तासाला पाणी, मिथेन, अमोनिया, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वहीत काढून आणा. प्रत्येक आकृतीच्या आधी संयुजा इलेक्ट्रॉनांची बेरीज हवी, आणि आकृतीतले ठिपके तितकेच भरले पाहिजेत. बेरीज नसलेली आकृती मी तपासणार नाही.