टाकाऊचं दान चालतं का?

आजचं वचन: 2 शमुवेल 24:24

अरवना खळं, बैल, सगळं फुकट द्यायला तयार होता. दावीदाने ऐकलं नाही. 50 शेकेल चांदी मोजली, मगच वेदी बांधली. पदरचं काहीच लागलं नाही, ते देवाला कसं वाहायचं?

मित्रांनो, इथे मी थांबलो. अमेरिकेत आमच्या चर्चच्या दाराशी एक बरणी आहे. कोकच्या कॅनचे ॲल्युमिनियमचे टॅब तिच्यात टाकायचे. ते रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउसला जातात. लेकरू हॉस्पिटलात असताना आईबापांना जवळच राहता यावं म्हणून ही घरं. पहिलं 1974 मध्ये फिलाडेल्फियात उघडलं. एक पौंड भरायला हजाराहून जास्त टॅब लागतात, आणि भंगाराचा भाव तुम्हाला माहीतच आहे!

माझं त्यात काय गेलं? काहीच नाही. पण योहान 6:12 मध्ये प्रभू उरलेले तुकडेसुद्धा गोळा करायला लावतो. वाया जाऊ न देणं हेही त्याचंच काम. फक्त मी त्याला अर्पण म्हणणार नाही.

त्या घरांत स्वयंसेवक रात्रीचं जेवण रांधतात. त्याला माझी शनिवारची संध्याकाळ जाते, आणि ती मला खरंच जड जाते. यादीत नाव घातलंय. सोळा जणांची भाजी, तिखट कमी.