बिघाडातला नाद

अभियांत्रिकीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत विवर्धकाची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, जी व्याख्या असते तिच्यात एक नैतिक आदेशच दडलेला आहे. आत येईल ते मोठे करून बाहेर द्यावे, त्यात आपल्या पदरचे काही घालू नये. या आदेशाचा भंग झाला की त्यास विरूपण, इंग्रजी शब्दच वापरायचा तर डिस्टॉर्शन, म्हणतात आणि ते शेकडेवारीने मोजतात. चांगल्या संगीतयंत्राच्या माहितीपत्रकात हा आकडा शेकडा एकाहूनही बराच कमी असल्याचे अभिमानाने छापलेले असते. असे असूनही गेल्या सत्तरएक वर्षांतले पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे एक मोठे दालन या विरूपणावरच उभे आहे. विद्युत गिटारचा तो खरखरीत, रेंगाळत जाणारा आवाज आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांच्या खोलीतून ऐकला असेल आणि दार लावून घ्यायला सांगितले असेल. मला त्या संगीताची गोडी आहे असे मी म्हणणार नाही. पण त्यामागचा प्रश्न मला सोडत नाही. दोष हा दोष केव्हा ठरतो, आणि कोणाच्या लेखी?

या आवाजाचा इतिहास बिघाडांचा आहे. १९५१ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरी ‘रॉकेट ८८’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण करायला निघालेल्या वादकांचा ॲम्प्लिफायर वाटेत खराब झाला. तो मोटारीवरून पडला की पावसात भिजला, याच्या निरनिराळ्या कथा आहेत. सॅम फिलिप्स या मुद्रकाने फाटलेल्या कर्ण्यात कागद कोंबला, तो भरडा आवाज त्याला आवडला आणि त्याने तो तसाच राहू दिला. पुढे १९५८ साली लिंक रे याने ‘रंबल’साठी कर्ण्याच्या पडद्याला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीतात ग्रेडी मार्टिन यांचे वादन नॅशव्हिलच्या स्टुडिओतील यंत्राच्या एका नादुरुस्त वाहिनीतून गेले आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे उमटले. ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने त्या बिघाडाची नक्कल करणारे ट्रान्झिस्टरचे मंडल बनविले. १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने, पायाने दाबायच्या पेटीत घालून बाजारात आणले. गंमत अशी की कंपनीने ही पेटी गिटारमधून इतर वाद्यांचे भास काढण्यासाठी म्हणून विकायला काढली होती. १९६५ साली कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ गाण्यात ती वापरली तेव्हा त्यांच्याही मनात तो पितळी वाद्यांसाठीचा कच्चा आराखडाच होता! म्हणजे आधी अपघात, मग हेतुपूर्वक केलेली मोडतोड, आणि शेवटी हवा तितका बिघाड फिरकीने कमी-जास्त करण्याची सोय.

प्रत्यक्षात घडते ते असे. तारेच्या कंपनातून मिळणारा विद्युत्-तरंग अगदी क्षीण असतो. व्हॉल्व्ह त्याला मोठा करतो, पण त्यास मिळणाऱ्या वीजदाबापलीकडे तो जाऊ शकत नाही. तरंग त्या छतावर आदळला की त्याचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या तरंगात मुळात नसलेले वरचे उपस्वर निर्माण होतात. दोन्ही बाजू सारख्याच छाटल्या गेल्या तर मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वरच येतात. एक बाजू अधिक कापली गेली तर दुप्पट, चौपट असे समही येतात. दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्यावरचा पंचम, पाचपट म्हणजे आणखी वरचा गांधार. सातपट मात्र कोमल निषादाच्या किंचित खाली पडतो आणि आवाजाला धार आणतो. छाटणी किती एकांगी, किती हळुवार, यावर आवाजाची जात ठरते. जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात १९६०च्या दशकाच्या आरंभी तयार झालेला ‘जेटीएम ४५’ हा फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या ॲम्प्लिफायरचे मंडल जवळजवळ जसेच्या तसे घेऊन बनविलेला होता. फक्त काही व्हॉल्व्ह निराळ्या जातीचे, कर्णे दुसऱ्या कंपनीचे आणि त्यांची पेटी मागून बंद. एवढ्याने त्याचा स्वभाव बदलला.

पेडलमधील छाटणी पुष्कळदा डायोड करतात. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाट मोकळी करतो, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपास आणि अधिक सावकाश. हे डायोड मंडलात कोठे बसवायचे यालाही महत्त्व आहे. १९७८ साली आलेल्या बॉस कंपनीच्या ‘डीएस-१’मध्ये ते तरंगाला थेट जमिनीकडे वळवितात आणि छाटणी कठोर होते. त्यानंतर लवकरच जपानमध्येच तयार झालेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’मध्ये ते पुनर्भरणाच्या, म्हणजे फीडबॅकच्या, वाटेत बसविलेले आहेत. तेथे छाटलेला तरंग मूळ तरंगावर भर म्हणून चढतो, त्यामुळे वादकाचा मूळ स्वर खाली शाबूत राहतो. शिवाय ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना तेथे वाढ क्रमाने कमी मिळते, म्हणून खर्ज चिखलासारखा होत नाही. शेवटी गिटारचा कर्णाही आपले काम करतो. पाचएक हजार हर्ट्झच्या वरचे तो फारसे ऐकवीतच नाही. तो काढून घेतला तर याच मंडलाचा आवाज माशा घोंगावल्यासारखा वाटतो.

याहून विलक्षण गोष्ट दोन स्वर एकदम छेडल्यावर होते. छाटणाऱ्या मंडलात त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही जन्माला येतात. षड्ज-पंचमाचे प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे खालचा षड्ज. नाद भरदार होतो. गांधार मिसळला तर मात्र पंचाईत होते, कारण गिटारच्या समान अंतरांच्या पडद्यांवरचा गांधार शुद्ध ४:५ प्रमाणापेक्षा थोडा चढा असतो आणि जन्मणारे स्वर एकमेकांशी भांडू लागतात. म्हणून या शैलीतील वादक पुष्कळदा गांधार वगळून केवळ षड्ज-पंचम वाजवितात. मंडलाने वादकाला काय वाजवावे हे शिकविले, असेच म्हणावे लागेल.

आपल्याला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची घोडी सपाट-बाकदार घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला पुनःपुन्हा चाटून जाते. तार मोकळी कंप पावावी हा नियम मानला तर हा स्पर्श दोषच होय. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवून दिले की तार जेथे छेडली तेथील छेडणीमुळे जे उपस्वर उमटू नयेत असे शास्त्र सांगते, तेही तंबोऱ्यात स्पष्ट उमटतात. घोडी तारेत नव्याने काही घालते. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले, आणि देवासला कुमार गंधर्वांचे जुळलेले तंबोरे ज्यांनी ऐकले त्यांना त्या भरीव नादाविषयी अधिक सांगायला नको. अर्थात तंबोऱ्याच्या तारा एकामागून एक छेडल्या जातात आणि शेंडे छाटून सगळे एका उंचीचे करणे हे जवारीचे काम नव्हे. साम्य ताणू नये. पण ‘मुळात नव्हते ते माध्यमाने घातले’ हा आक्षेप घ्यायचा तर तो दोघांवरही घ्यावा लागेल.

आपल्या साहित्यशास्त्रात यावर फार बारकाईने विचार झालेला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी दोषांत नित्य आणि अनित्य असा भेद मानला. कानाला टोचणारे कठोर वर्ण शृंगारात दोष ठरतात, रौद्रात मात्र तेच रसाला पोषक होतात. दोष शब्दात नसतो, तो शब्द आणि रस यांच्या संबंधात असतो. ही दृष्टी मला पटते, मात्र तिचा अर्थ ‘ज्याला जे रुचेल ते खरे’ असा लावणे चुकीचे होय. विरूपण हेच ज्यांचे साध्य तेही पेडल निवडताना तासन्‌तास घालवितात. वीजपुरवठ्याचा गुणगुणाट, सैल जोडणीची करकर त्यांनाही खपत नाही. बिघाडाला आश्रय दिल्यावर कसोटी नाहीशी झाली नाही, ती दुसरीकडे गेली एवढेच. आज तर संगणकीय यंत्रे जुन्या ॲम्प्लिफायरांच्या दोषांची हुबेहूब नक्कल करतात, आणि ती मुळाशी किती इमानदार आहे याची चिकित्सा जाणकार करतात.

मला जाचतो तो यापुढचा प्रश्न. राज्य शासनाच्या सेवेत असताना माझ्यापुढे एका वृद्ध बाईंचा अर्ज आला होता. त्यांच्या शेतातील विहीर एका बांधकामात बुजली होती. नस्तीवरील टिपणीचा विषय होता, ‘नुकसानभरपाई वाढवून मिळणेबाबत’. तळाशी असलेला मूळ अर्ज काढून वाचला तेव्हा कळले की बाईंनी पैसे मागितलेलेच नव्हते. दुसरी विहीर कोठे खणता येईल ती जागा दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे. मधल्या चार-पाच मेजांवर कोणीही लबाडी केलेली नव्हती. प्रत्येकाने नियमाच्या छतात बसेल इतकाच मजकूर पुढे पाठविला, बाकीचे शेंडे छाटले. शेवटी जो आवाज निघाला तो बाईंचा नव्हता.

येथे अनित्य दोषाचा आधार कोणी घेऊ लागला तर मी तो मान्य करणार नाही. पण मग गिटारला जे माफ ते मेजावरच्या कारकुनाला का नाही? माझ्या मते फरक छाटणीत नाही, फरक आवाजावरच्या हक्कात आहे. गिटारवादक ॲम्प्लिफायरपुढे उभा असतो, आपल्या स्वराचे काय झाले ते त्याच क्षणी ऐकतो आणि बोट, फिरकी, जागा बदलून त्याला उत्तर देतो. म्हणून ती पेटी त्याच्या वाद्याचा भाग होते. ज्याच्या आवाजाचे काय झाले हे त्याला ऐकूच येत नाही, त्याच्या आणि श्रोत्याच्या मधले यंत्र वाद्य नसते, ते विश्वस्त असते. श्रवणयंत्र, दुभाषी, बातमीदार, टिपणी लिहिणारा हे सारे या दुसऱ्या वर्गातले. संमती आधीच हवी असेही नाही. नॅशव्हिलचा तो बिघाड कोणी मागितला नव्हता, परंतु तो सर्वांनी ऐकला आणि ऐकून ठेवला. बाईंना ती संधी मिळाली नव्हती.

या निकषातही एक अडचण उरते, आणि ती आपल्या घरातलीच आहे. माळव्यात अडीचशेहून अधिक वर्षे राहिलेली आपली मराठी हिंदीच्या मंडलातून गेली आहे. पुण्याचे पाहुणे आपल्या ‘करून राहिलो’सारख्या प्रयोगांना हसतात. ती जवारी आहे, असे उत्तर द्यायला मला आवडेल, आणि ज्यांनी दोन्ही भाषा ऐकून, जाणून ही बोली राखली त्यांच्याबाबत ते खरेही आहे. पण माझ्या नातीने मूळ तार कधी ऐकलेलीच नाही. तिच्या कानावर आली ती छाटलेल्या शेंड्यांचीच मराठी. तिने ती निवडली असे म्हणता येत नाही, आणि तिच्यावर कोणी ती लादली असेही म्हणता येत नाही. हल्ली मी तिला रोज रात्री पानभर मराठी वाचून दाखवितो. ऐकता ऐकता ती मध्येच मला थांबविते आणि ‘आजोबा, हे आपण असं नाही म्हणत’ असे सांगते. आपण म्हणजे कोण, हे मी तिला अजून विचारलेले नाही.