तार ओढण्याचा अधिकार

उमरखेड हें पैनगंगेच्या कांठच्या कापसाच्या मुलखांतलें तालुक्याचें गांव. येथें वैशाखांत पत्र्याच्या कूलरशिवाय झोंप येत नाहीं, आणि पौषांत पहाटे थंड पाणी अंगावर घेववत नाहीं. म्हणजे वर्षाच्या दोन्ही टोकांना पाणी आणि वीज यांची गांठ पडते, व ती गांठ मारणारा माणूस बहुधा एकच असतो. तो नळ बसवितो, छतावर सौर बंब चढवितो, न्हाणीघरांत गीझर टांगतो, आणि ओघानेंच भिंतींतून तारही ओढतो. ही तार ओढण्याचा त्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न वाचकांस निव्वळ वकिली वाटेल. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तो तसाच वाटत होता.

त्या वर्षीं आमच्या घरीं गीझर आला. बसविणारा तरुण हुशार, हाताचा स्वच्छ, बोलण्यांत नम्र. तार कोण ओढणार असें मीं विचारतांच तो म्हणाला, "गुरुजी, पाण्याचं मी करतोच, तं तारेसाठी दुसरा मानूस कायले बोलावता? पंख्याच्या पॉइंटातून काढून देतो." दुसऱ्या माणसाचे पैसे वांचले याचा मला आनंदच झाला. सारा जन्म मुलांना 'कां' विचारावयास शिकविण्यांत घालविलेल्या मीं त्या दिवशीं एकदांही 'कां' म्हणून विचारलें नाहीं. गीझर उत्तम चालला. पुढें एके सकाळीं भांडीं घासणाऱ्या बाई म्हणाल्या, "नळाले हात लावला का मुंग्या येतात." थंडीनें येत असतील, असें आम्हीं हंसून सांगितलें. त्या पुन्हां कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून मोरीवर रबरी चपला घालून बसूं लागल्या. महिन्याभरानें दुसऱ्याच कामासाठीं आलेल्या एका परवानाधारक वायरमननें गीझरचें झांकण उघडलें, तेव्हां कळलें कीं त्याला तिसरी तार जोडलेलीच नव्हती.

ज्यांना या शास्त्राचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. घरांत वीज येते ती २३० व्होल्ट दाबाची. दोन हजार वॅटचा गीझर त्या दाबावर सुमारें नऊ अँपिअर प्रवाह ओढतो. दिवे-पंख्यांची तार त्याहून पुष्कळ कमी भाराची, म्हणून ती भिंतीच्या आंत, कोणास न दिसतां, तापत राहते. तिसरी तार यंत्राच्या धातूच्या अंगापासून जमिनींत पुरलेल्या पत्र्यापर्यंत किंवा नळीपर्यंत जाते. आंत कोठें वीज झिरपली तर तिनें या वाटेनें भूमींत जावें व जातांना फ्यूज उडवावा, अशी ती योजना आहे. ही वाटच नसेल तर वीज वाट पाहत थांबते: जुन्या लोखंडी नळांत, तोटींत, ओल्या फरशीवर बसलेल्या माणसासाठीं. तीस मिलिअँपिअर, म्हणजे त्या गीझरच्या प्रवाहाचा सुमारें तीनशेंवा भाग, एवढ्यावर प्रवाह तोडणारीं साधनें घरोघरीं बसवावीं असें सांगतात, तें उगीच नव्हे. विदर्भांतील वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यांत कूलरमध्यें पाणी भरतांना गेलेल्या कोणाची तरी बातमी येते; तिचेंही मूळ पुष्कळदां हेंच.

आतां कायदा. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांतील ४५ व्या नियमानें असें ठरविलें कीं ग्राहकाच्या जागेंतील वीजजोडणीचें काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेंच करावें, आणि तेंही प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीं, परवानाधारक कारागिराच्या हातून. ते नियम जाऊन २०१० चे व नंतर २०२३ चे विनियम आले, तरी तत्त्व तेंच राहिलें. मात्र नियमानें एक सूट ठेविली होती. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण यांची अशी अदलाबदल, कीं जिनें जोडणीची क्षमता किंवा स्वरूप पालटत नाहीं, ती कोणासही करतां येई. जुना गीझर काढून तेवढाच नवा लावणें हें आमच्या तरुणाचें काम. पंख्याच्या तारेवर गीझर चढविणें हें त्याचें नव्हे. रेघ माणसाच्या जातीवर किंवा धंद्याच्या नांवावर ओढलेली नाहीं, कामाच्या स्वभावावर ओढलेली आहे. इंग्लंडांतही २००५ पासून घरगुती वीजकाम इमारतींच्या नियमांखालीं आलें, तेव्हां तेथील बंब बसविणारांपुढें हाच प्रश्न उभा राहिला.

या व्यवस्थेवर आक्षेप घेणारे लोक लहान नव्हेत. अ‍ॅडम स्मिथनें १७७६ सालींच म्हटलें कीं गरिबाची खरी मालमत्ता म्हणजे त्याच्या हातांतलें बळ आणि कसब. तें वापरण्यास त्याला अटकाव करणें हा त्याच्या मालमत्तेवरच घाला होय, आणि कारागीर चांगला कीं वाईट हें त्याला काम देणारानें ठरवावें. मिल्टन फ्रीडमननें १९६२ सालीं डॉक्टरांच्या परवान्यावरही हत्यार उपसलें. आपल्याकडे तर हा आक्षेप अधिकच बोंचतो. कोणीं कोणतें काम करावें हें जन्मानें ठरविणारी व्यवस्था आपण शतकानुशतकें पोसली. माणसाची कुवत व आवड न पाहतां त्याला धंद्याशीं बांधून टाकण्याचा हा दोष आंबेडकरांनीं १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्यें उघडा केला. जन्माच्या जागीं परीक्षा आली हें मोठेंच पुण्य. पण दहावीनंतर दोन वर्षें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत घालविणें ज्याच्या घरच्या चुलीला परवडत नाहीं, त्याच्या दृष्टीनें ती परीक्षा म्हणजे दुसरें एक बंद दार नव्हे काय?

मी या युक्तिवादाशीं बराच काळ सहमत होतों. काम देणारानें पारख करावी हें सुताराच्या बाबतींत पटतें. बलुतेदारीच्या काळीं गांवाला परवाने लागले नाहींत, कारण तिफण वांकडी निघाली तर ती पहिल्याच पाळींत कळे. गळका नळ त्याच रात्रीं चुगली करतो. पण तिसरी तार नसलेला गीझर पाणी तितकेंच गरम देतो! जोपर्यंत आंत दुसरा कांहीं बिघाड होत नाहीं तोपर्यंत वाईट काम आणि चांगलें काम यांत ग्राहकाला तिळमात्र फरक दिसत नाहीं. पारख करावयाला डोळाच नाहीं, तेथें पारखणाराचें स्वातंत्र्य कशाला म्हणावें? आणि समजा, मीं डोळे उघडे ठेवून धोका पत्करला. करार माझा व त्या तरुणाचा. मुंग्या मात्र आल्या त्या बाईंच्या हाताला. त्या करारांत त्यांना कोणीं विचारलें नव्हतें, वांचलेल्या पैशांतला एक रुपयाही त्यांना मिळाला नव्हता.

तरीही परवाना म्हणजे ज्ञान, असें मी म्हणणार नाहीं. त्या वायरमनच्या भेटीनंतर मी त्या तरुणाकडे गेलों, थोडा रागावूनच. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, "मले मालूम होतं गुरुजी. तुमच्या घरात अर्थिंगच नव्हतं. आंगनात खड्डा खना, वेगळी तार टाका, इतके हजार लागतील असं म्हटलं असतं, तं तुमी मले काम देलं असतं का?" मला उत्तर सुचलें नाहीं. दिलें नसतें. 'होय' म्हणणारा दुसरा कोणी शोधला असता.

येथें माझ्या ध्यानीं आलें कीं ज्ञान त्याच्यापाशीं होतें; 'नाहीं' म्हणण्याचें बळ नव्हतें. ज्याचा परवाना जाऊं शकतो तो ग्राहकाला सांगूं शकतो, "हें मी करणार नाहीं, माझी सही जाईल." ज्याच्यापाशीं गमावण्यासारखी सहीच नाहीं, त्यानें नकार दिला तर त्या दिवसाची मजुरी तेवढी जाते. परवान्याची खरी किंमत मला या नकारांत दिसते. म्हणूनच जो परवानाधारक न पाहिलेल्या कामाच्या अहवालावर कांहीं रुपयांसाठीं सही करतो (असे गृहस्थ अगदीं दुर्मिळ नाहींत) तो माझ्या मतें आमच्या तरुणाहून मोठा अपराधी. तरुणानें भीतीनें मौन पाळलें; हा तर ज्या नकारासाठीं त्याला अधिकार दिला, तोच विकतो.

त्या तरुणाला मीं वायरमनच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला आहे. मराठींतलीं सरकारी वाक्यें आम्ही दोघे मिळून सोडवीत असतों, आणि तीं मलाही सगळीं उलगडतात असें नाहीं. अंगणांत तुळशीमागें खड्डा झाला, वेगळी तार आली, प्रवाह तोडणारें साधन बसलें. मीं स्वतः तोटीला हात लावून बाईंना दाखविलें. त्यांनीं मान डोलविली. रबरी चपला मात्र अजून मोरीपाशीं आहेत, आणि त्या काढा असें म्हणण्याचें धाडस मला झालेलें नाहीं.