तिसरा रकाना

बार्शीच्या तात्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, तेव्हा घरात ते नाव कुणाला धड उच्चारता येईना. शौचावाटे रक्त, दिवसातून 8-10 वेळा पळापळ आणि मूळव्याध समजून लावलेली मलमं, असं बरेच दिवस चाललं होतं. सोलापूरच्या पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बिणीनं मोठं आतडं तपासलं, मेसालामिनच्या गोळ्या सुरू केल्या. काही आठवडे स्टेरॉइड दिलं आणि तेही हळूहळू उतरवलं.

पथ्य काकूंनी हातात घेतलं. शेंगाची चटणी, ठेचा, कच्चा कांदा, फरसाण बंद. मऊ भात, मुगाचं वरण, साल काढलेला दुधी सुरू. शंभरपानी वहीत एका रकान्यात खाल्लेलं, दुसऱ्यात संडासच्या फेऱ्या. फेऱ्या 2 वर आल्या, रक्त थांबलं. पारावर निवाडा झाला, "वहिनींच्या पथ्यानं गडी उठला. आता गोळ्या कशाला गिळतोस?" तात्यांना ते पटलं. रोजचा खर्च होता आणि पोट तर शांत होतं.

गोळ्या सुटल्या, पथ्य मात्र वाढत गेलं. दूध गेलं, अंडी गेली, मग डाळसुद्धा. दिवाळीनंतर रक्त पुन्हा दिसलं, तेव्हा तात्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"डॉक्टरसाहेब, ह्यांना मी तिखटाचं बोटसुद्धा लावलं नाही हो," काकू रडवेल्या झाल्या.

डॉक्टरांनी वही पानोपान वाचली. (असे डॉक्टर भेटतात, हेही सांगायला हवं.) "मावशी, वही उत्तम आहे. त्रास वाढलेला असताना मऊ खाणं सोसतं. पण मोठ्या आतड्याच्या अस्तराची सूज एकट्या भातानं उतरत नाही. आणि रक्त थांबलं म्हणजे सूज गेली असं नाही, ती दबून बसते." मग त्यांनी स्वतः पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला : गोळी. काकूंनी खोडलेली अंडी आणि डाळ परत लिहिली. "दूध सोसत असेल तर तेही द्या. रक्त जाणाऱ्या माणसाची प्रथिनं तोडून कसं चालेल?"

काही महिन्यांनी शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिनचा, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारा, आकडा खाली आला. तात्या आता दुधात भाकरी कुस्करून खातात, सणाला पुरणपोळीही. श्रेय कुणाचं, यावर पारावर अजून वाद चालतो. मेसालामिनही चालू आहे, आणि ते कधी थांबवायचं हे ठरवणं पाराच्या अखत्यारीत येत नाही.