पाहुण्यांचा किनारा

धोफारमध्ये सलालाच्या पूर्वेला, ताका गावाच्या पुढे खोर रोरी आहे. अरबीतले ‘खोर’ म्हणजे आपली खाडी. वादी दरबातचे गोडे पाणी येथे समुद्राला भेटायला येते. पण मुखाशी वाळूचा बांध आडवा पडल्याने तळ्यासारखे साचून राहते. काठावर सुमहुरम नगराचे अवशेष आहेत. २००० साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले.

हद्रमौतच्या राजसत्तेने इसवी सनापूर्वी वसवलेले हे लहानसे बंदर लोबानाच्या व्यापारावर जगले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात वर्णिलेले मोस्खा बंदर ते हेच, असे अभ्यासक मानतात. भडोचहून निघालेल्या जहाजांना उशीर झाला, तर ती हिवाळाभर येथे थांबत आणि कापड, गहू, तिळाचे तेल देऊन लोबान घेत. भडोचला पैठण आणि तेरचा माल उतरत असे. तेव्हा आपल्या मराठवाड्याचे कापडही या काठाला लागले असावे.

वाऱ्याची वाट पाहणारे ते व्यापारी आणि व्हिसाच्या मुदतीत राहणारे आपण, यांत फारसा फरक नाही. म्हणून मला प्रश्न पडतो: जिथे आपण कायमचे राहणार नाही, त्या जागेचे आपण काही देणे लागतो का? “आपल्याला कुठे इथे राहायचंय?” हे वाक्य येथे वीस वर्षे काढलेल्यांच्या तोंडीही ऐकू येते. सहलीनंतर वादीत उरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तेच बोलतात.

माझ्या व्यवसायातले उदाहरण देतो. रात्रपाळीचा डॉक्टर रुग्णाचा ना नातलग, ना नेहमीचा डॉक्टर. सकाळी तो रुग्णाला दुसऱ्याच्या हवाली करतो. तरी त्या रात्रीची जबाबदारी अर्धी नसते. कर्तव्य मालकीतून येत नाही. कोणीतरी आपल्या हाती आहे, यातून येते.

कोणी म्हणेल, सुमहुरमकरांनी तरी काय राखले? वाळूने खाडीचे तोंड बुजले, पाचव्या शतकाच्या सुमारास नगर ओस पडले. खरे आहे. पण माणूस एक दिवस जाणारच, म्हणून आपण शुश्रूषा सोडत नाही. शिवाय बंदर गेले तरी पाणी राहिले. आज तेथे रोहित पक्षी उतरतात, तेही पाहुणेच.

आपला गणरायही दहा दिवसांचा पाहुणा, पण घर उजळून जातो. ज्या पाण्याकाठी राहिलो, ते पुढच्याच्या हाती स्वच्छ देता यावे, एवढेच त्याच्याकडे मागणे.