गवताळ मैदान, भिंग आणि सत्य

कॅनडाच्या दक्षिण भागापासून टेक्सासपर्यंत उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी जो गवताळ प्रदेश पसरला आहे, त्याला प्रेअरी म्हणतात. छायाचित्रकाराला हा प्रदेश अवघड जातो. डोंगर नाही, कडा नाही, नजर जिथे ठरेल असे काही नाही. त्यातही प्रेअरीचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. बिग ब्लूस्टेम हे इथले मुख्य उंच गवत माणसाच्या डोक्यावर जाते, पण त्याची मुळे दहा फूट आणि त्याहूनही खोल उतरतात. या प्रदेशाचे बहुतेक जिवंत शरीर जमिनीखाली असते. त्यामुळे इथे चित्र घेणाऱ्याला निवडावे लागते, मांडावे लागते, आणि कधी कधी समोरची वस्तू हलवण्याचा मोहही होतो. छायाचित्र खरे केव्हा म्हणायचे आणि नुसते खरे असणे पुरते का, हा प्रश्न या मैदानावर वारंवार उभा राहिला तो यामुळेच.

या प्रश्नाला एक जुनी भारतीय कसोटी नेमकी लागू पडते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात यमांचे विवेचन करताना सत्याचा विचार येतो. जसे पाहिले, अनुमानले किंवा ऐकले, तसेच मनात आणि वाणीत असणे म्हणजे सत्य, असे भाष्यकार आधी सांगतो. पण तिथे थांबत नाही. वाणी ही आपले ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी असते. म्हणून ती फसवणारी नसावी, भ्रमातून आलेली नसावी आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडू नये अशी वांझही नसावी. याच्याही पुढे, ती प्राणिमात्रांच्या हितासाठी असावी. जिच्यामुळे जिवांचा घात होतो ती वाणी वरून सत्य दिसली तरी तिला सत्य म्हणता येत नाही. भाष्यकारापुढे बोललेला शब्द होता. छायाचित्रही कोणाला तरी दाखवण्यासाठीच घेतले जाते, आणि दाखवणे हे सांगणेच असते.

फसवणुकीचा सर्वांत गाजलेला वाद 1936 सालचा आहे. आर्थर रोथस्टाइन हा विशीतला छायाचित्रकार अमेरिकी सरकारच्या पुनर्वसन खात्यासाठी काम करत होता. त्या मे महिन्यात साउथ डकोटाच्या बॅडलँड्समध्ये त्याला बैलाची उन्हाने पांढरी पडलेली कवटी सापडली. तडे गेलेल्या खारट जमिनीवर ठेवून त्याने तिचे चित्र घेतले. काही फूट सरकवून गवतावर ठेवूनही घेतले. सावल्या आणि पोत यांचा तो अभ्यास करत होता, असे त्याचे म्हणणे. तडकलेल्या जमिनीवरचे चित्र मात्र दुष्काळाची खूण म्हणून वृत्तपत्रांत छापले गेले. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर निघाले आणि नॉर्थ डकोटातील फार्गोच्या दैनिकाने हे चित्र बनावट ठरवून झोड उठवली. अशी खारट जमीन चांगल्या पावसाच्या वर्षीही तडकते आणि जुनी कवटी कधीही सापडू शकते, हा आक्षेप होता. वर्ष निवडणुकीचे होते. वाद देशभर पेटला.

दोष नेमका कुठे होता? कवटी खरी होती, जमीन खरी होती आणि दुष्काळही खराच होता. 1934 आणि 1936 ही त्या दशकातली अतिशय कोरडी वर्षे. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग याने प्रत्यक्षाला कल्पनारहित मानले. नाव, जात, गुण जोडले की त्याच्या मते ते निव्वळ प्रत्यक्ष राहत नाही. भिंगाने टिपलेली कवटी तशीच मुकी होती. ‘हा दुष्काळाचा बळी’ हे तिच्याभोवतीच्या शब्दांनी सांगितले. निष्कर्ष बरोबर आणि पुरावा चुकीचा, अशी ही विचित्र जोडी आहे. कवटी काही फूट सरकवण्यात मोठा अपराध नव्हता. जी वस्तू ज्याची साक्ष देत नाही तिला त्या साक्षीला उभे केले गेले, हा खरा अपराध. त्याचा परिणामही तसाच झाला. एका खोट्या साक्षीने बाकीच्या शेकडो खऱ्या साक्षींवर संशय आला, आणि दुष्काळात होरपळणाऱ्या शेतकऱ्यांचेच त्यात नुकसान होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रोथस्टाइनने ओक्लाहोमाच्या सिमारॉन काउंटीत धुळीच्या वादळात खोपट्याकडे निघालेल्या शेतकऱ्याचे आणि त्याच्या दोन मुलांचे जगप्रसिद्ध चित्र घेतले होते. धाकट्याला जरा मागे राहायला आणि हात डोळ्यांवर धरायला आपण सांगितले होते, हे त्याने पुढे स्वतः लिहिले. इथे मांडणी कवटीपेक्षा जास्त आहे, फसवणूक कमी. कारण त्या कुटुंबाचे रोजचे जगणेच त्या हालचालींत उतरले होते. तरीही पाहणाऱ्याला मांडणीची कल्पना नसते, ही गोष्ट डाचत राहते.

मांडणी लपवलेलीच नसेल तर काय होते, ते नेब्रास्कात दिसते. सॉलोमन बुचर याने 1886 पासून कस्टर काउंटीतल्या वसाहतकरी कुटुंबांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. त्याच्या तीन हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह जपल्या गेल्या आहेत. झाडे नसलेल्या त्या मुलखात लोक गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिऱ्यांची घरे बांधत. कुटुंब घरासमोर ओळीने उभे राहायचे आणि जे जे मोलाचे ते अंगणात यायचे: घोडे, टेबल, खुर्च्या, कलिंगडेसुद्धा. एका बाईला मातीचे घर पूर्वेकडच्या नातलगांना दिसू द्यायचे नव्हते, पण आपल्याकडे पायपेटी आहे हे मात्र दाखवायचे होते. तेव्हा पायपेटी ओढून बाहेर, ढोरांच्या उघड्या आवारात आणली गेली, कुटुंब तिच्याभोवती उभे राहिले, चित्र झाले आणि पेटी पुन्हा आत गेली. ढोरांच्या आवारात पायपेटी कोणी ठेवत नाही, हे चित्र पाहणाऱ्या कोणालाही कळते. म्हणून ते चित्र फसवत नाही. त्या बाईची लाज आणि अभिमान दोन्ही त्यात आहेत, आणि ते तिच्या मर्जीने आले आहेत. गरिबीचे ‘नैसर्गिक’ चित्र यापेक्षा खरे ठरले असते असे मानणे ही शहरी नजरेची गैरसमजूत आहे.

याच्या उलट टोकाला छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस येतो. मैदानावरच्या पिगन लोकांच्या तंबूतले 1910 चे त्याचे एक चित्र प्रसिद्ध आहे. मूळ निगेटिव्हमध्ये बसलेल्या दोन पुरुषांच्या मध्ये एक घड्याळ दिसते. छापील चित्रातून ते पुसून टाकलेले आहे. मूळनिवासी ही नाहीशी होत चाललेली जमात आहे, असे कर्टिस मनापासून मानत होता. घड्याळ त्या समजुतीत बसत नव्हते. भाष्यातले पहिले दोन दोष इथे एकत्र येतात, भ्रम आधी आणि भ्रम राखण्यासाठी फसवणूक नंतर. त्या माणसांनी विकत घेतलेल्या किंवा मिळवलेल्या वस्तूवरचा त्यांचा हक्कही चित्रापुरता पुसला गेला. ओक्लाहोमात होरेस पूलॉ या कायोवा छायाचित्रकाराने 1920 च्या दशकापासून आपल्याच लोकांची चित्रे घेतली. त्यांत पिसांचे शिरोभूषण आणि मोटारगाडी एकाच चौकटीत सुखाने नांदतात.

भ्रमाचा आणखी एक प्रकार निसर्गचित्रात असतो, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: मैदान रिकामे दाखवणे. कोट्यवधी गवे मारले गेल्यावर, पॉनी आणि लकोटा लोकांना त्यांच्या जमिनींवरून हलवल्यावर जे रिकामेपण आले, ते अनादि काळापासूनचे म्हणून सुंदर चौकटीत येते. महाराष्ट्रातल्या माळाला ‘पडीक’ म्हणण्यातही हीच नजर आहे. उंच गवताची प्रेअरी एके काळी सुमारे 17 कोटी एकरांवर होती. आज तिचा 4 टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे. कॅन्ससमधल्या फ्लिंट हिल्सच्या जमिनीत गारगोटीचे थर आहेत, नांगर चालत नाही, म्हणून तिथले गवत वाचले. कॅन्ससच्या टेरी इव्हान्स यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस अस्पर्श प्रेअरीची चित्रे घ्यायला सुरुवात केली, ती कॅमेरा सरळ खाली, पायाजवळच्या मातीकडे वळवून. पुढे त्यांनी विमानातून नांगरलेली, बॉम्बफेकीच्या सरावाने खड्डे पडलेली, वस्ती असलेली प्रेअरीही टिपली. पहिली चित्रे मोहक आहेत. त्यांच्या शेजारी दुसरी आली नसती तर पहिली अर्धवट राहिली असती.

हिताची कसोटी प्राण्यांपाशी सर्वांत कडक होते. वसंताच्या सुरुवातीला प्रेअरी कोंबड्याचे नर दरवर्षी त्याच ठरावीक मोकळ्या जागी पहाटे जमतात. पाय वेगाने आपटत, मानेच्या बाजूच्या नारिंगी पिशव्या फुगवून ते खोल, घुमणारा आवाज काढतात. माद्या रिंगणात फिरून नर निवडतात. बहुतेक मीलने थोड्याच नरांच्या वाट्याला येतात. त्या वेळी माणूस उभा राहिला तर माद्या उडून जातात आणि ती सकाळ वाया जाते. म्हणून सूर्योदयाच्या बऱ्याच आधी लपणात, म्हणजे पक्षी निरखण्यासाठी केलेल्या आडोशात, शिरायचे आणि पक्षी आपणहून जाईपर्यंत बाहेर पडायचे नाही, असा नियम आहे. नेब्रास्कात प्लॅट नदीवर मार्चमध्ये लाखो सँडहिल क्रौंच उतरतात. दिवसा शेतातले उरलेले मक्याचे दाणे टिपून पुढच्या प्रवासासाठी चरबी साठवतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. तिथल्या लपणांत फ्लॅशला बंदी असते. अंधारात बिथरून उठलेला थवा विजेच्या तारांवर आदळू शकतो, आणि निष्कारण उडण्यात साठवलेली शक्ती खर्च होते. असे मिळवलेले चित्र कितीही बिनचूक असले तरी भाष्यकाराच्या अर्थाने ते सत्य ठरत नाही.

माणसाच्या बाबतीत घात दिसत नाही, म्हणून जास्त जपावे लागते. नेब्रास्कात जन्मलेल्या राइट मॉरिस यांच्या 1948 च्या ‘द होम प्लेस’ या पुस्तकात नातलगांच्या शेतघराची छायाचित्रे आहेत: झिजलेली खुर्ची, सुऱ्याकाट्यांचा खण, पलंग. माणसे जवळजवळ नाहीत. म्हातारे काका दिसतात ते कोठाराच्या दारातून आत शिरताना, पाठमोरे. चेहरा न दाखवताही एक आयुष्य कळते, आणि ज्याचे ते आयुष्य आहे त्याची अब्रू शाबूत राहते.

पक्ष्यांच्या बाबतीत एक प्रश्न तरीही उरतो: लपणातून पाहणे मुळीच न पाहण्यापेक्षा बरे का? काही पशुपालक आपल्या कुरणावरची लपणे छायाचित्रकारांना भाड्याने देतात. त्या उत्पन्नामुळे गवत न नांगरता राखणे परवडते. तिथे थोडा उपद्रव मोठ्या हिताच्या आत येतो आणि चित्र समर्थनीय ठरते. टेक्सासच्या किनारी प्रेअरीतल्या ॲटवॉटर प्रेअरी कोंबड्यांची गोष्ट वेगळी आहे. ते रानात इतके थोडे उरले आहेत की बंदिवासात वाढवलेली पिल्ले सोडून त्यांची संख्या टिकवावी लागते. त्यांची पुरेशी चित्रे आधीच उपलब्ध आहेत. आणखी एका चित्राने पाहणाऱ्याच्या ज्ञानात भर पडत नाही आणि पक्ष्याचा धोका मात्र वाढतो. अशा जागी कॅमेरा न नेणे हाच भाष्यातल्या कसोटीचा सरळ अर्थ होतो.