नंतरचं आधी सांगा

कर्करोगामुळे स्तन काढला आणि त्या जागी इम्प्लांट बसवलं, एवढं आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांना ऐकून माहीत असतं. तेच इम्प्लांट काही वर्षांनी काढावं लागतं तेव्हाची गोष्ट मात्र कोणी काढत नाही. काढलीच तर ‘गेलं एकदाचं, सुटलीस’ म्हणून विषय मिटतो. मला आज त्या मिटलेल्या विषयाबद्दल लिहायचं आहे.

कल्याणजवळच्या शहाड, मोहने, टिटवाळा या पट्ट्यातल्या बायकांची कर्करोगाची वाट बहुतेक वेळा परळला जाते. १९४१ मध्ये सुरू झालेलं तिथलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आपल्यापासून एका लोकलवर आहे: आंबिवलीला चढायचं, दादरला उतरायचं. मोहन्यातली एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली. त्यानंतर घर सावरायला कामाला लागलेल्या बायका इथे कमी नाहीत. अशा बाईला एक ऑपरेशन सोसतं, त्यासाठी सगळे धावतात. काही वर्षांनी दुसरं करावं लागतं तेव्हा रजा संपलेली असते, पैसे संपलेले असतात आणि खरं सांगायचं तर घरच्यांचा धीरही संपत आलेला असतो.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या पिशवीत भरलेलं सिलिकॉन जेल किंवा मिठाचं पाणी. ते आत गेलं की शरीर त्याच्याभोवती स्वतःचं एक आवरण तयार करतं, त्याला डॉक्टर कॅप्सूल म्हणतात. बहुतेकींचं हे आवरण मऊ राहतं. काहींचं आवळत जातं, छाती दगडासारखी घट्ट होते, कुशीवर झोपता येत नाही. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे जास्त होतं, आणि कर्करोगाच्या बायकांत रेडिएशन घेतलेल्या पुष्कळ असतात. कधी जंतुसंसर्ग होतो. कधी पिशवी फाटते. पाण्याची फाटली तर लगेच बसते, जेलची फाटलेली कित्येकदा बाहेरून कळतच नाही, एमआरआय किंवा सोनोग्राफीत सापडते. शिवाय सतत थकवा, सांधेदुखी, काही सुचत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायका आहेत. यासाठी एक ठरावीक तपासणी नाही आणि कारणही अजून पक्कं झालेलं नाही, पण इम्प्लांट काढल्यावर बरं वाटलं असं त्यांच्यातल्या अनेकजणी सांगतात. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ हे उत्तर त्यांना देऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

काढण्याचं ऑपरेशन बहुधा जुन्या व्रणावरूनच होतं. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी साचू नये म्हणून पुष्कळदा एक बारीक नळी ठेवून घरी पाठवतात. ती ड्रेन. नळीच्या टोकाला दाबलेली डबी असते. रोज ती उघडायची, किती मिली भरलं ते मापायचं, वहीत लिहायचं, ओतून टाकायचं आणि डबी दाबून हवा काढून पुन्हा बंद करायची. आधी लाल येतं, मग गुलाबी, मग पिवळट. दिवसाचं माप साधारण वीस-तीस मिलीच्या आत आलं की नळी निघते. एका खोलीत आणि स्वयंपाकघरात पाच माणसं राहतात तिथे हे मापन मोरीत, दार अर्धवट लोटून चालतं. डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेली, वरून ढगळ गाऊन. पाहुणे आले की ओढणी.

पुढचे काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची भरलेली बादली नाही, माळ्यावरचा डबा नाही, सिलिंडर सरकवणं नाही, कणीक तिंबणं नाही. पण हात छातीशी धरून बसूनही चालत नाही. सांगितलेले हलके व्यायाम टाळले तर खांदा आखडतो. जिच्या काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत तिचा हात पुढेही सुजू शकतो. हे घरच्यांना कळायला हवं, कारण सासूबाई बादली उचलताना पाहून ही बाई बसून राहूच शकत नाही.

आणि आरसा. सूज उतरायला आठवडे लागतात, आकार ठरायला महिने. निव्वळ आकारासाठी इम्प्लांट घातलेल्या बाईचे स्वतःचे स्तन ताणलेल्या कातडीसकट ओघळतात, वरचा भाग पोकळ दिसतो. काही महिन्यांत थोडं सावरतं, सगळं नाही. जिचा स्तन कर्करोगातच गेला आहे तिच्याकडे सावरायला फारसं उरलेलंच नसतं. छाती सपाट किंवा आत गेलेली, कातडीला चुण्या, हात फिरवला की बरगडी लागते. एकाच बाजूचं निघालं असेल तर दुसऱ्या बाजूचं वजन खांदा ओढतं आणि मान धरते. काखेजवळ बधिरपणा, मुंग्या, अधूनमधून विजेसारखी कळ. व्रण आधी लाल आणि टणक असतो, फिका पडायला वर्ष जातं.

यातलं काहीही अचानक उपटणारं नाही. पहिलं इम्प्लांट बसवणाऱ्या सर्जनला हे सगळं ठाऊक असतं. स्तन जाणार या बातमीने हादरलेल्या बाईला ‘घाबरू नका, दुसरा बसवता येतो’ असं सांगणं त्या क्षणी दयेचं वाटत असेल. पण ती सही करते ती ऐकलेल्या अर्ध्या गोष्टीवर, आणि उरलेली अर्धी पुढे तिच्याच अंगावर येते. ही दया मला मान्य नाही.

जगातलं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमध्ये बसवलं गेलं. ‘ही आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही’ हा इशारा ठळक चौकटीत छापणं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सक्तीचं केलं २०२१ मध्ये. धोक्यांची यादी डॉक्टरने रुग्णाबरोबर वाचावी आणि दोघांनी सही करावी, हेही तेव्हाच आलं. मधली एकोणसाठ वर्षं बायकांनी आपापल्या शरीरावर शिकण्यात घालवली. फ्रान्समध्ये पीआयपी नावाची कंपनी वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यांत वापरायचं सिलिकॉन भरत होती. ते २०१० मध्ये उघडकीस आलं, आणि २०११ च्या डिसेंबरात सरकारने सुमारे तीस हजार बायकांना इम्प्लांट काढून घ्यायला सांगितलं. २०१९ मध्ये एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध दिसल्याने ॲलरगन कंपनीची खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली. पण काही त्रास नसेल तर घाईने काढायला धावू नका, असंही अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने तेव्हा सांगितलं. मला कोणाला भीती घालायची नाही. सांगायचं ते पूर्ण सांगा, एवढंच.

बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं दिसणं, ही समजूत तर घराबाहेरही पाठ सोडत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास करता येतो. नीट साडी नेसलेली, टिकली लावलेली, हातपाय धड दिसणारी बाई कल्याणला त्या डब्यात चढते तेव्हा ‘ताई, हा लेडीज नाही’ असं कोणीतरी म्हणतंच. हॉस्पिटलचा कागद पर्समध्ये असतो. पण छातीला धक्का लागू नये म्हणून आलेल्या बाईला अनोळखी माणसांपुढे आपली छाती कागदावरून वाचून दाखवावी लागावी, हे मला फार लागतं. तिला बसायला जागा द्यायला तिचा आजार कळायची गरज नाही.

इम्प्लांट काढल्यावर ‘पुन्हा बसवायचं का?’ हा प्रश्न येतो. नवं इम्प्लांट, पोटाची किंवा पाठीची स्वतःची चरबी-कातडी घेऊन केलेली रचना, ब्लाउजच्या आतल्या कप्प्यात ठेवायचा बाहेरचा कृत्रिम स्तन, किंवा काहीही नाही. मुंबईत सुती धाग्याचे हलके स्तन क्रोशाने विणून मोफत देणाऱ्या स्वयंसेविकाही आहेत. ‘काहीही नाही’ हा पर्याय मात्र बाईने निवडला तरी अनेकांना तो निर्णय वाटत नाही, खचल्याचं लक्षण वाटतं. कधी सर्जनच ‘पुढे मन बदललं तर’ म्हणून जादा कातडी ठेवून देतात. तिला नीट सपाट छाती हवी असते, पदरी येतात लोंबत्या घड्या. हे ठरायला हवं ओपीडीत, टेबलावर भूल दिल्यानंतर नव्हे.

फॉर्म पुढे आला की नवऱ्याकडे बघणाऱ्या बायका आपल्याकडे अजून आहेत. डॉक्टरांनी नवऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवलं तरी चालेल. मग तिच्याशी मराठीत बोलावं, आणि प्लास्टिक सर्जनकडे जे फोटो असतात त्यांतले बसवल्यानंतरच्या छान दिसणाऱ्या छात्यांबरोबर काढल्यानंतरच्या छात्यांचेही तिच्यापुढे ठेवावेत. पहिल्या ऑपरेशनच्या आधी.